हिवाळी वादळ आणि हिमस्खलन : सोलापूरहून हिमालयात जाणाऱ्यांसाठी

हिमालयातील हिवाळी ट्रेकची तयारी सोलापुरात रेल्वेच्या आरक्षणापासून सुरू होते आणि माझ्या मते हिमस्खलनाचा धोकाही तेथूनच सुरू होतो. कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली गाठण्यात एका दिवसाहून अधिक काळ जातो. पुढे देहरादून आणि तेथून सांक्रीसारख्या गावापर्यंत आणखी एक दिवस मोडतो. दहा दिवसांच्या रजेतील चार दिवस असे जाण्यायेण्यात गेले की पाच-सहा दिवसांचा ट्रेक त्यात जेमतेम बसतो आणि वादळासाठी एकही दिवस शिल्लक राहत नाही. मग तळावर बर्फ पडत असताना ‘आज थांबावे की निघावे’ हा प्रश्न येतो, तेव्हा त्याचे उत्तर समोरच्या उताराकडे पाहून न देता परतीच्या तिकिटाकडे पाहून दिले जाते. म्हणून आरक्षण करतानाच दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते लागले नाहीत तर देहरादूनला घालवता येतात. आणि तेवढी रजा मिळतच नसेल तर ट्रेक लहान निवडावा, दिवस कापू नयेत.

आमच्या मित्रमंडळींचा प्रघात सिद्धेश्वरांच्या यात्रेतील नंदीध्वजांचे सोहळे आटोपून जानेवारीच्या उत्तरार्धात निघण्याचा आहे, आणि नेमका हाच काळ पश्चिमी विक्षोभांचा असतो. भूमध्य समुद्राच्या परिसरात तयार होणाऱ्या या प्रणाली वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान ओलांडून हिमालयावर येऊन आदळतात. डिसेंबर ते मार्च हा त्यांचा मुख्य हंगाम होय. सोलापुरात त्यांची खूण फार तर एखाद्या ढगाळ सकाळीपुरती दिसते. तिकडे मात्र एकेका विक्षोभात दोन-तीन दिवस सलग बर्फ पडू शकतो. वादळ नेहमी पश्चिमेकडूनच येते असेही नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमला धडकलेले ‘हुदहुद’ चक्रीवादळ उत्तरेकडे सरकत नेपाळमध्ये पोहोचले आणि अन्नपूर्णा परिसरातील ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीच्या आसपास हिमवृष्टी व हिमस्खलनांत चाळीसहून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबर हा तेथील ट्रेकिंगचा सर्वांत भरवशाचा महिना मानला जातो.

निघण्यापूर्वी दोन ठिकाणचे अंदाज पाहावेत. हवामान विभागाची देहरादून, शिमला आणि श्रीनगर येथील केंद्रे पाऊस व हिमवृष्टीचा अंदाज देतात, तर हिमस्खलनाचा इशारा चंदीगड येथील ‘डीजीआरई’ ही संरक्षण संशोधन विभागाची संस्था जिल्ह्यांनुसार आणि उंचीच्या पट्ट्यांनुसार देते. (जुने गिर्यारोहक तिला अजूनही ‘सासे’ म्हणतात, २०२० मध्ये ती संस्था दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन होऊन हे नवे नाव आले.) हा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो, एकेका उतारासाठी नसतो. धोका कमी सांगितला असला तरी आपला उतार सुरक्षित आहे असा त्याचा अर्थ होत नाही. धोका जास्त सांगितला असेल तर मात्र आपला उतार त्याला अपवाद आहे असे मानण्याचे काहीही कारण नसते.

बर्फ कसा सुटतो

समुद्रसपाटीपासून सुमारे ४६० मीटर उंचीवरील आणि मे महिन्यात ४४ अंशांपर्यंत तापणाऱ्या शहरातील माणसाला बर्फाचे वर्तन अनुभवातून कळणे शक्य नाही; तेव्हा घरातल्याच वस्तूंनी ते समजून घ्यावे. हिमस्खलनाचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार ज्वारीच्या राशीसारखा असतो : राशीच्या माथ्यावर आणखी एक पाटी ओतली की एका बिंदूपासून दाणे घरंगळू लागतात आणि खाली जाताना त्रिकोणासारखे पसरत जातात. ताजा, भुसभुशीत बर्फ असाच सुटतो. हा प्रकार पुष्कळदा लहान असतो, परंतु खाली कडा असेल तर माणसाला ढकलून देण्यास तो पुरेसा आहे.

दुसरा प्रकार खरा जीवघेणा आहे. परातीत साखरेचा पातळ थर पसरावा, त्यावर एक कडक भाकरी ठेवावी आणि परात हळूहळू तिरपी करीत जावी. काही वेळ काहीच होत नाही. मग एका क्षणी संपूर्ण भाकरी एकदम सुटते. बर्फाची घट्ट लादी आणि तिच्याखालचा साखरेसारखा कच्चा थर यांचे नाते असेच असते. हा कच्चा थर बहुधा हिवाळ्याच्या सुरुवातीस तयार होतो. तेव्हा बर्फ पातळ असतो, त्याच्या तळाशी जमीन शून्य अंशाच्या जवळपास असते आणि वर निरभ्र रात्रीची कडक थंडी असते. तापमानातील या तीव्र फरकामुळे बर्फाच्या कणांमधील बाष्प वर सरकते आणि एकमेकांना न चिकटणारे टोकदार स्फटिक तयार होतात. पुढे वादळ येते आणि त्यावर लादी चढवते. भाकरी एका टोकाला दाबली की तडा दुसऱ्या टोकापर्यंत जातो, तसा लादीखालचा थर एका पावलाच्या दाबाने कोसळला की तडा शेकडो फूट धावतो आणि माणूस ज्या लादीवर उभा असतो तीच त्याला घेऊन निघते. कोरडी लादी सुटल्यानंतर काही सेकंदांतच ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेग घेऊ शकते, त्यामुळे ‘आले तर पळू’ हा विचार मनातून काढून टाकावा. लादीच्या स्खलनात सापडलेल्या बहुसंख्य लोकांच्या बाबतीत ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातील कोणीतरी सोडलेली असते, ही गोष्ट वाचताना साधी वाटते. परंतु या लेखातील पुढच्या सर्व सूचना तिच्यावरच उभ्या आहेत.

वादळाने या गणितात भर पडते ती वजनाची. चोवीस तासांत एक फुटाहून अधिक ताजा बर्फ पडला असेल तर धोका गंभीर समजावा. बर्फ थांबला पण वारा सुटला आहे, अशा वेळी आपल्याकडील मंडळी ‘हवा उघडली’ म्हणून खूश होतात, आणि तेथेच फसतात. वारा हा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूस नेऊन टाकतो. वाऱ्याआडच्या उतारावर बर्फ असा साचतो की तेवढ्याच वेळात आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या कितीतरी पट भर तेथे पडलेली असते. असा उतार दिसायला गुळगुळीत, फुगीर आणि गादीसारखा असतो, पाय ठेवला की कधीकधी पोकळ आवाज येतो, आणि त्याच्या माथ्यावर बर्फाचा छज्जा पुढे आलेला असतो. छज्जाच्या खालूनही जाऊ नये आणि वरून चालताना त्याच्या कडेजवळही जाऊ नये, कारण तो तुटताना कडेच्या बराच आतून तुटतो.

उतार मोजणे

लादी प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटते. त्याहून सपाट उतारावर ती सहसा हलत नाही, त्याहून फार उभ्या उतारावर ती साचण्यापूर्वीच घसरून जाते. अडचण अशी की ३० ते ४५ अंश हा चढणाऱ्याला ‘चांगला चढ’ वाटणारा उतार आहे आणि डोळ्यांच्या अंदाजात दहा अंशांची चूक सहज होते. म्हणून मोजावे.

मोजण्याचा पहिला टप्पा घरीच, नकाशावर पार पडतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. समोच्च रेषांमधील उंचीचा फरक ४० मीटर असेल आणि दोन रेषांत एक मिलिमीटर अंतर असेल, तर उतार सुमारे ३९ अंशांचा, म्हणजे अगदी धोक्याच्या मध्यावरचा झाला. रेषांमधील अंतर दीड मिलिमीटर किंवा त्याहून कमी आहे असे सर्व भाग पेन्सिलीने रंगवून काढावेत आणि आपली वाट त्यांतून किंवा त्यांच्या खालून कोठे जाते ते पाहावे. एका संध्याकाळचे हे काम आहे आणि महागड्या जॅकेटपेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रत्यक्ष जागेवर दोन सारख्या लांबीच्या काठ्या पुरतात. एक काठी आडवी, अगदी समपातळीत धरून तिचे टोक वरच्या बाजूच्या बर्फाला टेकवावे आणि हातातील टोकापासून दुसरी काठी सरळ खाली सोडावी. बर्फ खालच्या काठीच्या अर्ध्या लांबीवर लागला तर उतार सुमारे २७ अंशांचा असतो. संपूर्ण काठी मावली तर ४५ अंशांचा. अर्ध्यापेक्षा स्पष्टपणे अधिक काठी मावू लागली की थांबून विचार करावा. मोबाईलमधील कोनमापकही चालतो, मात्र थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते हे लक्षात ठेवावे. शिवाय जेथे मोजतो आहोत तो उतार आणि वरचा, कदाचित धुक्याने झाकलेला उतार हे वेगळे असतात. आपण २० अंशांच्या सौम्य कुरणावर असलो तरी वरचा ३८ अंशांचा उतार सुटला तर तो आपल्यापर्यंत येऊन थांबतो.

सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना येथे एक सवय मोडावी लागते. आपल्याकडे नाळ म्हणजे हक्काची वाट : दोन्ही बाजूंस कातळ, मध्ये दगडधोंडे, वारा कमी, चुकण्याची भीती नाही. बर्फात तीच नाळ हिमस्खलनाचा मार्ग असते. वरच्या बाजूचा सगळा बर्फ तिच्यातच उतरतो, आणि अरुंद तळाशी तो रुंद उताराच्या तुलनेत कितीतरी खोल साचतो. हिवाळ्यात वर जायचे तर सोंडेने जावे, धारेच्या वाऱ्याकडील बाजूने जावे किंवा दाट जंगलातून जावे. जंगलातही डोळे उघडे ठेवावेत. देवदार आणि बुरांशच्या (लाल फुलांचे पहाडी झाड) रानात वरपासून खालपर्यंत एखादा पट्टा मोकळा असेल, त्याच्या कडेच्या झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या तुटलेल्या असतील किंवा बुंधे खालच्या दिशेने वाकलेले असतील, तर तेथून हिमस्खलने जातात असे ती झाडेच सांगत असतात.

थांबण्याच्या खुणा

आजूबाजूच्या उतारांवर ताजी हिमस्खलने दिसणे, पाऊल पडताच बर्फ खाली बसून ‘धप्प’ असा दबका आवाज येणे, पायापासून तडे पुढे धावणे, तापमान एकाएकी वाढणे आणि बर्फावर पाऊस पडणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर ३० अंशांवरील उतार आणि त्यांचा पायथा त्या दिवसापुरता वर्ज्य समजावा. आपोआप सुटणारी बहुतेक हिमस्खलने वादळ चालू असताना किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत होतात. कच्चा थर खोल पुरला गेला असेल तर धोका आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ टिकतो. वादळानंतरची पहिली निळी सकाळ छायाचित्रांसाठी उत्तम आणि चढाईसाठी सर्वांत फसवी असते. दक्षिणेकडील उतार दुपारी उन्हाने ओले होऊन सुटतात, म्हणून ते लवकर उतरावेत. उत्तरेकडील उतार थंड राहतात आणि त्यांतला कच्चा थर दीर्घकाळ तसाच राहतो.

काही वर्षांपूर्वी उत्तराखंडातील एका बुग्यालाखाली (उंचावरील गवताळ कुरणाखाली) आमच्या वाटाड्याने असाच एक ‘धप्प’ आवाज ऐकला आणि काहीही स्पष्टीकरण न देता सगळ्यांना माघारी वळवले. शिखर दिसत होते, आकाश स्वच्छ होते, आम्ही बाराही जण दोन दिवस त्याच्यावर नाराज होतो आणि त्या उतारावरून त्या दिवशी काहीही कोसळले नाही. त्याचा निर्णय बरोबर होता की अनाठायी, हे आम्हाला कधीच कळणार नाही, आणि हिमस्खलनाच्या बाबतीत अनुभवाची हीच मोठी अडचण आहे. धोकादायक उतारावरून दहा वेळा सुखरूप गेलेला माणूस स्वतःला जाणकार समजू लागतो, परंतु त्या दहापैकी किती वेळा तो केवळ दैवाने वाचला हे त्याला कोणी सांगत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीतील ‘द्रौपदी का डांडा २’ या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षण तुकडीतील २९ जण हिमस्खलनात गमावले. त्यांत त्याच वर्षी एव्हरेस्ट सर केलेली प्रशिक्षिकाही होती. कसब हे लादीला ओळखत नाही. म्हणून ‘आमचा लीडर अनुभवी आहे’ हे उतार ओलांडण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि गटातील सर्वांत नवख्या सदस्यालाही ‘थांबू या’ म्हणण्याचा अधिकार आहे असे निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे.

वादळात सापडल्यास

वादळ अंगावर आले असेल आणि तळ सुरक्षित असेल, तर तेथेच राहणे हा बहुतेक वेळा उत्तम पर्याय असतो. ‘सुरक्षित’ कसे ओळखावे? हात पुढे ताठ करून धरलेली मूठ दृष्टीत साधारण दहा अंश व्यापते. क्षितिजाच्या पातळीपासून एकावर एक दोन मुठी ठेवाव्यात. वरच्या बर्फाळ उताराचा माथा त्यांच्याही वर दिसत असेल तर तेथे तंबू ठोकू नये. नाळेच्या तोंडाशी, दोन उतारांच्या मधल्या खोलगट जागी आणि उघड्या उताराच्या पायथ्याशी तंबू नकोच. पक्क्या निवाऱ्यानेही ही अट सुटत नाही : २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोली जिल्ह्यातील माणा गावाजवळ रस्तेकामगारांचे कंटेनर हिमस्खलनात गाडले गेले आणि आठ कामगारांचा मृत्यू झाला. सुरक्षित तळावर रात्री दर काही तासांनी तंबूवरचा बर्फ झटकावा, हवा येण्याची वाट मोकळी ठेवावी आणि बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नये.

एखादा संशयास्पद उतार ओलांडल्यावाचून गत्यंतरच नसेल, तर तो शक्य तितका वरून, एका वेळी एकाच माणसाने ओलांडावा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून त्याच्यावरची नजर क्षणभरही काढू नये. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढावेत, टोपी व हातमोजे घालावेत, नाकातोंडावर कापड ओढून घ्यावे. उताराच्या मध्यावर फोटोसाठी किंवा दम खाण्यासाठी थांबू नये. ही सूचना मला हास्यास्पद वाटत असे, परंतु ती पाळली जात नाही असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

लादी सुटलीच तर मोठ्याने ओरडावे, काठ्या सोडून द्याव्यात आणि बाजूला निसटण्याचा प्रयत्न करावा. वाहून जात असताना पृष्ठभागावर राहण्यासाठी हातपाय मारावेत. वेग कमी होताना दोन्ही हात तोंडासमोर आणून श्वासासाठी पोकळी करावी, कारण थांबताक्षणी बर्फ आपल्याकडच्या वाळलेल्या काळ्या मातीसारखा कडक होतो आणि त्यानंतर बोटही हलत नाही.

वर राहिलेल्यांचे काम येथून मिनिटांवर चालते. गाडलेल्यांपैकी ज्यांना पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले जाते, त्यांतील बहुतेक जण वाचतात. अर्ध्या तासानंतर वाचणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास येते. बचाव पथकाला पोहोचण्यास काही तास लागतात, म्हणजे वाचवणारे लोक म्हणजे आपणच. त्यासाठी प्रत्येकाकडे तीन वस्तू हव्यात : ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा ट्रान्सीव्हर (अंगावर बाळगायचे, संकेत पाठवणारे आणि दुसऱ्याचा संकेत शोधणारे यंत्र), बर्फात खुपसून गाडलेला माणूस चाचपण्यासाठी जोडून लांब होणारी प्रोब काठी आणि धातूचे फावडे. ट्रेक नेणाऱ्या संस्थेला पैसे भरण्यापूर्वीच या तीन वस्तूंविषयी स्पष्ट विचारावे. हिवाळ्यात तीव्र उतारांखालून नेणाऱ्या संस्थेचे उत्तर ‘गरज पडत नाही’ असे आले तर दुसरी संस्था पाहावी.

प्रथम वरून आणखी बर्फ येण्याची शक्यता नाही ना ते पाहावे आणि माणूस शेवटचा जेथे दिसला ती जागा पक्की धरावी. सर्वांनी आपापले ट्रान्सीव्हर शोधाच्या स्थितीत आणावेत, कारण एकाचा जरी प्रक्षेपण करीत राहिला तरी सगळे त्याच्याकडेच धावतात. शेवटच्या जागेपासून खाली, सुमारे ४० मीटर अंतराचे पट्टे पाडून शोध घेत जावे आणि बर्फावर दिसणारी टोपी, काठी, सॅक यांकडे लक्ष ठेवावे. अंतर तीन मीटरवर आले की यंत्र बर्फालगत धरून सर्वांत लहान आकडा शोधावा आणि तेथून वर्तुळाकार, २५ सेंटिमीटरच्या अंतराने प्रोब घालावी. प्रोब लागली की ती काढू नये. खणताना अगदी वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरावे. एक मीटर खोलीवरील माणसासाठी टनभर बर्फ हलवावा लागतो, त्यामुळे पाळी बदलत राहावे. चेहरा मोकळा होताच तोंडातील बर्फ काढावा. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यावेत, मग छातीवर दाब. बाहेर काढलेल्या थंडगार माणसाला आडवेच ठेवून अगदी हलक्या हाताने हलवावे.

हे हात बसलेले असले तरच जमते, आणि हात सोलापुरातही बसवता येतात. भाड्याने दोन ट्रान्सीव्हर मिळवावेत, एक डब्यात घालून नांगरलेल्या रानात कोणीतरी पुरावा आणि दुसऱ्याने घड्याळ लावून शोधावा. ढेकळांतून पळताना आणि खणताना जो दम लागतो, त्यावरून बर्फातल्या दहा मिनिटांची थोडी कल्पना येते.

ट्रेक न करणाऱ्या कुटुंबांसाठी एवढेच : ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नाथू ला मार्गावर हिमस्खलनात सात पर्यटक मरण पावले, परवानगी तेराव्या मैलापर्यंत होती आणि दुर्घटना पंधराव्या मैलावर घडली. चालकाला ‘अजून थोडे पुढे घ्या’ असा आग्रह करू नये आणि रस्त्यालगतच्या उतारावर मुलांना बर्फात खेळायला सोडू नये.

घरी एक कागद ठेवावा. त्यावर दररोजचा मुक्काम, गटातील सर्वांची नावे, स्थानिक वाटाड्याचा क्रमांक आणि ‘अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर’ अशी ठाम वेळ लिहावी; दोन मोकळे दिवस धरूनच ती वेळ ठरवावी, नाहीतर वादळात शहाणपणाने थांबलेल्या माणसाच्या घरी विनाकारण रडारड होते. उपग्रह फोन परवान्याशिवाय भारतात वापरता येत नाही, त्यामुळे तळावरून खबर येईलच असे गृहीत धरू नये. सोलापुरातून ११२ फिरवला तर तो महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जातो. म्हणून ज्या जिल्ह्यात ट्रेक आहे तेथील आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक निघण्यापूर्वी मिळवून, एकदा लावून पाहून, त्याच कागदावर सर्वांत वर लिहून ठेवावा.